वेताळाचा जबडा बदलला तरी

विल्सन मॅकॉयचा वेताळ आणि साय बॅरीचा वेताळ शेजारी शेजारी ठेवून पाहा. मॅकॉयची रेषा बारीक, साधी. अंगावर सावली अगदी कमी. बॅरीचा ब्रश भरघोस, दंड पिळदार, अर्धं अंग काळोखात. जबडा पाहिला तर ही दोन वेगळी माणसं आहेत. तरी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या कुणालाही विचारा, दोघंही वेताळच. मी मुलांच्या मासिकांसाठी चित्रकथा काढते. हात बदलला तरी पात्र कशाच्या जोरावर टिकतं, हे मला वेताळाने शिकवलं.

ली फॉकने वेताळाची (मूळ ‘फँटम’) चित्रमालिका 1936 मध्ये सुरू केली. चित्रं आधी रे मूरने काढली, मग मॅकॉयने; 1961 मध्ये मॅकॉय गेला आणि बॅरीने ती 1994 पर्यंत सांभाळली. तिघांच्या चित्रांत न हललेल्या गोष्टी मोजक्याच: अंगाला घट्ट बसणारा पोशाख, पट्टेरी चड्डी, काळा मुखवटा, कमरेला पिस्तुलं, कवटीची अंगठी. आणि बुबुळं नसलेले पांढरे डोळे. फॉकला ते ग्रीक पुतळ्यांवरून सुचले. चित्रकाराची मात्र त्यात कसोटी लागते. वेताळ कुठे बघतोय हे डोळ्यांतून सांगता येत नाही. मान वळवावी लागते, खांदा पुढे काढावा लागतो. हे बंधन प्रत्येक चित्रकारावर सारखंच पडतं, म्हणून वेताळाची उभं राहण्याची ढबही टिकते. वेताळाच्या प्रेयसीला, डायनाला, मात्र ना मुखवटा, ना ठरलेला पोशाख. मला तर प्रत्येकाची डायना निराळीच बाई वाटते.

आपल्याकडे वसंत हळबे यांनी ‘टिंकल’मधल्या शिकारी शंभूच्या डोळ्यांवर हॅट ओढली. पुढे सॅव्हिओ मस्कारेन्हास शंभू काढू लागले, हॅट तिथेच राहिली. भीती, फुशारकी, सुटकेचा निःश्वास, सगळं मिशी, तोंड आणि अंगाच्या वळणातून दाखवायचं. केवढी हुशारीची योजना!

माझं पात्र दुसऱ्या चित्रकाराकडे जाणार असेल तर मॉडेल शीटवर समोरून, बाजूने, पाठीमागून अशा आकृत्या असतातच. पण माझा खरा वेळ जातो तो पूर्ण काळ्या भरलेल्या आकृतीवर. नाकडोळे न दिसता पात्र ओळखू आलं नाही, तर रंग कितीही नेमके दिले तरी पुढच्या हातात ते निसटतं. कपड्यांच्या चुण्या, शाईचा जाडपणा मी ज्याचा त्याच्यावर सोडते. दुसऱ्याची रेषा गिरवायला लावली की चित्रातला जीव जातो.

डाव्या-उजव्याच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. वेताळाची कवटीची अंगठी उजव्या हातात, रक्षणाच्या खुणेची डाव्या. गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटी उमटते ती उजव्याच ठोशाने. चौकटीत बसत नाही म्हणून कुणी चित्र आरशासारखं उलटवलं, की अंगठ्या हात बदलतात आणि कथाच चुकते. त्यामुळे केसांचा भांग, शर्टाचा खिसा, दप्तराचा पट्टा, अशा प्रत्येक गोष्टीपुढे शीटवर मी ‘डावा’ किंवा ‘उजवा’ असं अक्षरी लिहिते. आणि तेही पात्राच्या बाजूने, बघणाऱ्याच्या नव्हे.