रामटेकच्या गडावर जाताना हात रिकामे असू द्या
आमगाव, प्रतिनिधी : रामटेकच्या गडावर वाहनातून उतरताच भाविकाचे स्वागत करतात ती काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरे. कुणाच्या हातातील नारळ, कुणाच्या पिशवीतील फुटाणे, तर कुणाच्या मुलाच्या हातातील बिस्किटाचा पुडा ती क्षणार्धात हिसकावून नेतात. मुले आधी हसतात, मग घाबरतात. मोठी माणसे मोबाईलवर छायाचित्रे काढतात. या गडबडीत दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली म्हणजे वाटेवरची सोळाशे वर्षांपूर्वीची मंदिरे, ज्यांच्याजवळून बहुतेक पर्यटक न थांबता पुढे निघून जातात. दुसरी म्हणजे ज्याला आपण प्रेमाने खाऊ घालतो त्या वानराचे पोट, जे या खाऊसाठी निर्माणच झालेले नाही.

आमगाव, सालेकसा परिसरातील कुटुंबांना डोंगरावरील देवस्थाने नवीन नाहीत. सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून माघ पौर्णिमेच्या यात्रेला तेथे दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. रेल्वेने थोडेच पुढे गेले की छत्तीसगडमधील डोंगरगडची बम्लेश्वरी आहे. मात्र टेकडी, जंगल, वन्य वानरे आणि लिखित पुराव्यानिशी उभा असलेला प्राचीन इतिहास हे सर्व एकत्र पाहावयाचे असेल, तर पूर्व विदर्भात रामटेकला तोड नाही. आमगावहून गोंदिया, तुमसरमार्गे सकाळी लवकर निघाल्यास दुपारच्या आत गडावर पोहोचता येते. रेल्वेने नागपूर गाठून तेथून एसटी बसने जाणेही सोयीचे आहे. रामटेक नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे.

सिंदूरगिरीचा इतिहास

रामटेकच्या टेकडीचे प्राचीन नाव रामगिरी. तांबूस दगडामुळे तिला सिंदूरगिरी असेही म्हटले जाते. नृसिंहाने हिरण्यकशिपूचा वध केला तेव्हा त्याच्या रक्ताने हा डोंगर लाल झाला, अशी आख्यायिका आहे. गडावरील लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्र याच्या काळातील, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील शिलालेख असून त्यात या टेकडीच्या माहात्म्याचे आणि परिसरातील तीर्थांचे वर्णन आले आहे.

परंतु गडाचा इतिहास यादवांच्याही आठ-नऊशे वर्षे मागे जातो. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा विवाह वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी झाला होता. पतीच्या निधनानंतर मुले लहान असल्याने राज्याचा कारभार तिने स्वतः सांभाळला. तिची राजधानी नंदिवर्धन ही आजच्या नगरधन येथे, म्हणजे रामटेकच्या पायथ्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर होती, असे अभ्यासक मानतात. नगरधन येथे २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडल्याने या मताला बळकटी मिळाली. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळालेला तिचा ताम्रपट तर रामगिरीच्या स्वामीच्या चरणांशी बसून दिलेला आहे. रामटेकच्या देवस्थानाचा महिमा त्या काळीही किती मोठा होता, हे यावरून ध्यानात येते.

गडाच्या वाटेवर केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह ही दोन लहान, दगडी मंदिरे आहेत. त्यांतील नृसिंहाच्या भव्य मूर्ती हिरण्यकशिपूला मांडीवर घेऊन फाडणाऱ्या नेहमीच्या रूपातील नाहीत. देव एकटाच, शांतपणे बसलेला असून त्याच्याजवळ चक्र आहे. केवल नृसिंह मंदिराच्या भिंतीवरील चुन्याचा लेप १९८० च्या दशकात काढण्यात आला, तेव्हा त्याखाली पाचव्या शतकातील ब्राह्मी शिलालेख उघडकीस आला. लेखाचा बराच भाग झिजलेला आहे. अभ्यासकांच्या वाचनानुसार, प्रभावतीच्या मुलीने आपल्या आईच्या पुण्यस्मरणार्थ हे मंदिर उभारले, असे त्यातून दिसते. महाराष्ट्रात आज उभ्या असलेल्या, बांधीव दगडी मंदिरांपैकी अतिशय जुन्या मंदिरांत त्याची गणना होते. याच परिसरात वराहाची एकसंध दगडात घडविलेली मोठी मूर्ती आणि त्रिविक्रमाच्या भग्न मूर्तीचे अवशेषही आहेत.

पुढे वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ असे दरवाजे ओलांडत राम व लक्ष्मणाच्या मुख्य मंदिरांपर्यंत जाता येते. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी, विशेषतः पहिल्या रघूजींनी, या गडाला नवे वैभव दिले. महानुभाव पंथाच्या इतिहासातही रामटेकला महत्त्व आहे. पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर स्वामी गुजरातेतून निघाले ते रामयात्रेसाठी, म्हणजे रामटेकच्या दर्शनासाठीच. कालिदासाच्या ‘मेघदूत’मधील यक्षाने ज्या रामगिरीवर विरहाचे दिवस काढले तो हाच डोंगर, असे प्रतिपादन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. छत्तीसगडमधील रामगडचाही त्यावर दावा आहे. मिराशींचे मत विदर्भात रुजले असून गडावर कालिदासाचे स्मारक आहे, तर रामटेक येथे १९९७ मध्ये स्थापन झालेले संस्कृत विद्यापीठही कालिदासाच्या नावाने ओळखले जाते.

माकड नव्हे, वानर

गडावरील प्राण्याला बोलण्यात सर्रास माकड म्हटले जात असले, तरी लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे वानर हे दोन भिन्न प्राणी आहेत. माकडाला गालात अन्न साठविण्याच्या पिशव्या असतात आणि ते बहुतेक सर्व काही खाते. वानर मात्र मूलतः पानांवर जगते. झाडीपट्टीत ज्याला वांदर म्हणतात ते हेच. राखी अंगकांती, काळे तोंड आणि शरीरापेक्षाही लांब शेपूट ही त्याची खूण. तापी-गोदावरीच्या उत्तरेकडील वानरे चालताना शेपटी पाठीवरून डोक्याकडे वळवतात, तर दक्षिणेकडील वानरांच्या शेपटीचा बाक मागच्या बाजूला असतो. रामटेकला गेल्यावर हे अवश्य पाहावे.

वानरांची टोळी प्रामुख्याने माद्यांची असते. आई, मुली, मावश्या आयुष्यभर एकत्र राहतात. टोळीत बहुधा एकच प्रौढ नर असतो; त्यालाच मराठीत हुप्प्या म्हणतात. तरुण नर टोळीबाहेर पडतात, त्यांचे वेगळे गट होतात आणि संधी मिळताच ते एखाद्या टोळीच्या नराला हुसकावून लावतात. अशा सत्तांतरात नवा नर कधीकधी दूधपित्या पिलांना ठार मारतो. राजस्थानातील जोधपूर आणि माउंट अबू येथे १९७० च्या सुमारास झालेल्या अभ्यासांतून ही बाब जगापुढे आली. नवजात पिलू गडद रंगाचे आणि फिकट तोंडाचे असते. ते टोळीतील इतर माद्याही हौसेने आळीपाळीने कडेवर घेतात. थोडा वेळ शांत बसणाऱ्याला हा सोहळा गडावर सहज पाहावयास मिळतो.

पोट पानांचे, खाऊ साखरेचा

वानराच्या जठरात अनेक कप्पे असतात. त्यांतील सूक्ष्म जीवाणू पानांतील चिवट तंतू आंबवतात आणि मगच त्यातून प्राण्याला पोषण मिळते. ही व्यवस्था गाईगुरांच्या पोटाशी मिळतीजुळती आहे. लग्नाच्या मांडवामागे टाकलेला भात आणि पोळ्या भरमसाट खाऊन गाय फुगते, प्रसंगी दगावते, हे ग्रामीण भागात सर्वांना ठाऊक आहे. पेढे, बिस्किटे, कुरकुरे, केक असे साखरेचे आणि पिठाचे पदार्थ वानराच्या पोटात गेले, की तेथेही आम्ल वाढते आणि पाने पचविणारे जीवाणू निष्प्रभ होऊ लागतात. त्यातच तेलकट, मिठाचे पदार्थ आणि कधी त्यांना चिकटलेले प्लॅस्टिकही पोटात जाते.

यापेक्षाही मोठे नुकसान सवयीचे आहे. जंगलात वानराचा दिवस पाने, फुले, फळे आणि शेंगा शोधण्यात जातो. या भटकंतीत त्याच्या विष्ठेतून बिया दूरवर पडतात. झाडावरून त्याने खाली टाकलेल्या पाल्यावर चितळे चरतात आणि वाघ-बिबट्या दिसताच तो देत असलेल्या इशाऱ्यावर ती सावध होतात. पायरीवर बसून पुडा मिळू लागला की ही भटकंती थांबते. अन्न एकाच जागी मिळाल्याने टोळ्यांची गर्दी होते, मारामाऱ्या वाढतात आणि माणसाविषयीची भीती नाहीशी होते. ज्या पिलाने आईला हातातून खाऊ हिसकावताना पाहिले, ते मोठेपणी तेच करते.

शेवटी याची किंमत वानरालाच मोजावी लागते. एखाद्या मुलाला ओरबाडले, एखाद्या वृद्धेला धक्का बसून ती पायरीवरून पडली, की पकडून दूर सोडण्याची मागणी होते. पूर्व विदर्भातील खेड्यांत कवेलूच्या छपरांचे आणि परसातील वालाच्या वेलांचे वानरांमुळे होणारे नुकसान नित्याचे आहे. एका गावातून उचललेली टोळी दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडल्याने प्रश्न सुटत नाही. तो फक्त जागा बदलतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वानराला पकडणे, इजा करणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. त्यामुळे त्रस्त गावकऱ्यालाही वन विभागाकडे दाद मागण्यावाचून पर्याय राहत नाही.

जिब्राल्टरचा धडा

युरोपच्या दक्षिण टोकाला जिब्राल्टर नावाचा ब्रिटनच्या ताब्यातील लहानसा प्रदेश आहे. तेथील उंच खडकाचा माथा संरक्षित निसर्गक्षेत्र असून त्यावर मध्ययुगीन किल्ला, युद्धकाळातील भुयारे आणि मोकळी फिरणारी बार्बरी जातीची माकडे आहेत. तेथेही पर्यटकांच्या खाऊमुळे माकडे पिशव्या हिसकावू लागली. आज तेथे माकडांना खाऊ घालणाऱ्याला जबर दंडाची तरतूद आहे आणि त्यांच्यासाठी फळे, भाज्या व पाण्याची सोय प्रशासनच करते. लाखो पर्यटकांच्या गर्दीतही नियम पाळले जाऊ शकतात, एवढे यावरून स्पष्ट होते.

रामटेकचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे, कारण येथे खाऊ देण्यामागे श्रद्धा आहे. रामाच्या गडावर हनुमंताच्या वंशजाला विन्मुख कसे पाठवायचे, असे भाविकाला मनापासून वाटते. गडाच्या पायथ्याशी आणि वाटेवर फुटाणे, नारळ विकणाऱ्यांचा संसारही त्यावर चालतो. तेव्हा प्रसाद घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. तो बंद पिशवीत ठेवून घरी न्यावा, इतकेच अपेक्षित आहे. वानराला अन्नदान करण्याची इच्छाच असेल, तर वड, पिंपळ, उंबर, पळस यांसारखी झाडे लावणे आणि जगविणे हा त्याचा खरा मार्ग आहे. उंबराचे एक झाड वर्षानुवर्षे वानरांना खाऊ घालते आणि त्यासाठी त्यांना कोणाच्या हातावर झडप घालावी लागत नाही.

गड कसा पाहावा

गडावर वाहनाने जाता येते. ज्यांना चालणे शक्य आहे त्यांनी अंबाळा तलावाकडील पायऱ्यांच्या वाटेचा विचार करावा. तलावाकाठची जुनी मंदिरे आणि घाट पाहून वर चढल्यास गडाची रचना अधिक चांगली उमगते. उन्हाळ्यात विदर्भातील दुपार टाळावी. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार होते. मात्र पायऱ्या निसरड्या असतात. कार्तिक महिन्यात त्रिपुरी पौर्णिमेला आणि रामनवमीला मोठी गर्दी असते. मंदिरे निवांत पाहावयाची असल्यास हे दिवस सोडून जावे.

खाण्याचे पदार्थ वाहनातच ठेवावेत. प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी हातात धरू नये. ती पाहताच वानरे जवळ येतात. वानराच्या डोळ्यांत रोखून पाहू नये आणि त्याला दात दाखवून हसू नये. त्याच्या भाषेत ते आव्हान ठरते. आई आणि पिलू यांच्या मधून जाऊ नये. वानर जवळ आल्यास पळण्यापेक्षा हात मोकळे दाखवून हळूहळू मागे सरावे. एखादी वस्तू त्याने ओढलीच, तर ओढाताण न करता सोडून द्यावी. प्रौढ नराचे वजन पंधरा किलोहून अधिक असू शकते आणि त्याचे सुळे तीक्ष्ण असतात. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीज प्रतिबंधक लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जखम किरकोळ वाटली तरी टाळाटाळ करू नये.

केवल नृसिंहाच्या मंदिरापाशी मात्र पाच मिनिटे जरूर थांबावे. एका मुलीने आईच्या आठवणीसाठी उभारलेली ही वास्तू अनेक राजवटी पाहून आजही उभी आहे. तिच्या भिंतींना हात न लावता, नावे न कोरता आणि आवारात रिकामे पुडे न टाकता ती पाहावी. वर झाडाच्या फांदीवर एखादी मादी पिलाला पोटाशी धरून कोवळी पाने तोडत बसलेली असेल. तिला तिच्या झाडावर राहू द्यावे आणि आपण आपल्या वाटेने गडावर जावे.