केडगावचा छापखाना
स्वतःचं पुस्तक स्वतः छापणं हा नाइलाज समजला जातो. दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंसाठी तो विचारपूर्वक निवडलेला मार्ग होता. 1882 साली आलेल्या ‘स्त्रीधर्मनीती’ या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांच्या इंग्लंडप्रवासाला हातभार लागला होता. पुढे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणताना केडगावातल्या त्यांच्या मुक्ती मिशन आश्रमाचा स्वतःचाच छापखाना होता. खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली-बायका. म्हणूनच भाषा किती सोपी ठेवायची, हे रमाबाई स्वतः ठरवू शकल्या. प्रकाशक नसला की पुस्तक कच्चं राहतं, हा आक्षेप रास्त आहे; पण रमाबाईंनी अखेरच्या आजारपणातही मुद्रितं तपासली. 1922 मध्ये त्या गेल्या, संपूर्ण बायबल 1924 मध्ये निघालं. मिशनसारखं देणग्यांचं पाठबळ सगळ्यांना नसतं, हेही खरं. तरी शिरूर-दौंडच्या लेखकांनो, पदरचे पैसे घालणारच असाल, तर मुखपृष्ठाआधी ते चांगल्या संपादकावर खर्च करा.