प्रभातफेरीने न सांगितलेले

शालेय वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांना परीक्षक म्हणून जाण्याचे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आपोआप आले. तालुक्याच्या गावी मराठीच्या निवृत्त बाई आणि त्यांची रिकामी दुपार एकत्र आली की हे व्हायचेच. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत पर्यावरण, मोबाईल, शेतकऱ्याचे मनोगत असे विषय येत-जात राहिले. एक विषय मात्र जागचा हलायला तयार नाही. 'स्त्रीभ्रूणहत्या : एक कलंक.' सहावी-सातवीतली दोन वेण्यांची मुलगी माईकसमोर उभी राहते आणि थेट आईच्या पोटातून बोलू लागते. 'आई, मला मारू नकोस गं!' आवाज मुद्दाम कापरा केलेला, हात जोडलेले. पहिल्या रांगेतल्या शिक्षिका पदराने डोळे टिपतात, टाळ्या पडतात आणि पहिला नंबर बहुतेक तिचाच येतो.

गंमत अशी, की याच शाळांच्या पालकसभेत कुणी 'मुलांना गर्भपाताचा कायदा समजावून सांगायचा का?' असा प्रश्न काढला की सभा गार पडते. 'एवढ्या लहान वयात?' 'अहो, त्यांना कशाला हे विषय?' एका सभेत तर एक गृहस्थ उठून म्हणाले, 'बाई, आमच्या घरात असल्या गोष्टी बोलल्या जात नाहीत.' त्यांची कन्या महिन्याभरापूर्वी याच विषयावर करंडक जिंकून घरी गेली होती!

तेव्हा बोलावे की बोलू नये, हा प्रश्न माझ्या मते केव्हाच निकालात निघाला आहे. आपण बोलतोच आहोत. प्रभातफेऱ्यांतून, भिंतींवरच्या घोषणांतून, पथनाट्यांतून शाळकरी मुलांशी आपण गर्भपाताविषयी वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. फक्त अर्धेच बोलतो. आणि अर्धे ऐकलेले मूल उरलेले अर्धे स्वतःच्या मनाने भरून काढते.

ते कसे भरले जाते हे मी पाहिले आहे. आमच्या गावातल्या एका शाळेत मी महिन्यातून दोनदा नववीच्या अवांतर तासाला जाते. तिथे एकदा सहज विचारले, 'आपल्या देशात गर्भपात करणे कायद्याने चालते का?' मुलेमुली एकमेकांकडे बघून हसली, मग गप्प झाली. हात वर करायला सांगितले तेव्हा जवळजवळ सगळा वर्ग 'गुन्हा आहे' या बाजूला. एक मुलगा पुराव्यासकट उभा राहिला. 'बाई, डॉक्टरांच्या दारावर पाटीच आहे की!' पाटी आहे, हे खरेच. पण तिच्यावर लिहिलेले असते ते गर्भलिंगनिदानाविषयी. पाटी, घोषणा आणि करंडक मिळवून देणारे भाषण यांची मुलांच्या डोक्यात एकच मोळी बांधली गेली आहे.

ही मोळी सोडवायची तर दोन कायदे वेगवेगळे दाखवावे लागतात. १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला; अपवाद फक्त बाईचा जीव वाचवण्यापुरता. कायदा असा, म्हणून बायकांनी गर्भ पाडणे थांबवले नाही. ते काड्या, मुळ्या आणि अंधाऱ्या खोल्यांकडे गेले. किती जणी त्यात दगावल्या त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. १९६४ मध्ये केंद्र सरकारने शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. समितीचा अहवाल आला आणि १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. १ एप्रिल १९७२ पासून तो लागू आहे. म्हणजे आजच्या नववीतल्या मुलांच्या आज्यांच्या तरुणपणीच हे कायदेशीर झाले होते!

दुसरा कायदा नंतरचा. सत्तरच्या दशकात गर्भजलपरीक्षा आली आणि गर्भातले व्यंग शोधण्याचे तंत्र मुलगी शोधण्याच्या कामी लागले. त्याविरुद्ध मुंबईतल्या स्त्री संघटनांनी, डॉक्टरांनी, पत्रकारांनी रान उठवले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. बीड जिल्हा तर ८०० च्या घरात उतरला. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले, ते वाचकांच्या स्मरणात असेल. तेव्हा प्रभातफेऱ्या निघाल्या त्या उगाच नव्हे, त्या निघायलाच हव्या होत्या. माझी तक्रार आहे ती 'भ्रूणहत्या' या शब्दाशी. स्त्री चळवळीतल्या अनेकजणी 'गर्भलिंगनिवड' म्हणा असे कधीपासून सांगत आहेत, ते शब्दांचा कीस काढण्याच्या हौसेने नव्हे. हत्या म्हटली की खुनी आला, आणि सातवीतल्या मुलीच्या भाषणात तो खुनी कोण असतो? डॉक्टर नाही, सासू नाही, सोनोग्राफीचे यंत्र आणणारा तर नाहीच. ती 'आई' असते.

माझ्या शेजारी एक कुटुंब राहते. त्या बाईंच्या दुसऱ्या खेपेला तपासणीत बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही असे निघाले. असे बाळ जगत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन त्यांनी गर्भपात करून घेतला, घरी येऊन महिनाभर कुणाशी बोलल्या नाहीत. आमच्याकडे त्याला 'पिशवी साफ केली' म्हणतात आणि विषय संपवतात. काही वर्षांनी त्यांची मोठी मुलगी आठवीत स्पर्धेची तयारी करत होती. नात्यातल्या एका काकूंनी बोलता बोलता जुनी गोष्ट काढली. मुलगी आईसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'आई, तूसुद्धा?' त्या बाईंनी मला हे सांगितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते, नुसता थकवा होता. त्या मुलीची चूक नव्हतीच. तिला जे शिकवले होते ते तिने मन लावून शिकले होते.

पण घरातल्या गैरसमजाहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. हा कायदा आठवड्यांच्या हिशोबाने चालतो. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा ठरावीक गटांतल्या स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. नाहीतर कोर्टाची पायरी. आणि हे आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकली हे कळेपर्यंत चार आठवडे खर्ची पडलेले असतात. चौदा-पंधराव्या वर्षी पाळी नियमित नसतेच. दोन-तीन महिने कुणाला काही वाटत नाही. मग पोट दिसू लागते, मग आईला कळते, मग घरात रडारड, मग गुपचूप मावशीच्या गावी. तोवर कायद्याचे कॅलेंडर संपत आलेले असते.

एप्रिल २०२४ मध्ये मुंबईजवळच्या चौदा वर्षांच्या एका अत्याचारित मुलीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने नकार दिला होता, गर्भ तीस आठवड्यांच्या आसपास होता. सर्वोच्च न्यायालयाने २२ तारखेला परवानगी दिली आणि आठवड्याभरात, मुलीच्या जिवाची काळजी वाटून आईवडिलांनी मन बदलल्यावर, ती मागे घेतली. कुणाला दोष द्यायचा? इतक्या उशिरा कुठलाच निर्णय सोपा राहिलेला नसतो. त्याआधी २०१७ मध्ये चंडीगढला दहा वर्षांची मुलगी होती. नातेवाइकाकडून अत्याचार, बत्तीस आठवडे, न्यायालयाचा नकार, शस्त्रक्रिया करून प्रसूती. त्या मुलीला पोटात खडा आहे असे सांगण्यात आले होते. तिच्या आईवडिलांना दुसरे काय सुचणार होते? दहा वर्षांच्या मुलीला गर्भपाताचा कायदा शिकवा असे मी म्हणत नाही. पण कुणी अंगाला हात लावला तर त्याच दिवशी कुणाला सांगायचे, एवढे तर पाचवीच्या आत शिकवता येते. आठवडे तिथपासूनच वाचायला लागतात.

पालकांची भीती मला समजते. 'सांगितले की करून बघतील' ही एक. 'आमच्या धर्मात हे पाप मानतात, शाळेने आमच्या मुलांना वेगळे शिकवू नये' ही दुसरी, आणि ती मला अधिक प्रामाणिक वाटते. गर्भाचे माणूसपण केव्हा सुरू होते यावर शहाण्यासुरत्या माणसांचे एकमत नाही, आणि नववीच्या तासाला ते होणारही नाही. शाळेने ते ठरवायला जाऊच नये. पण मग माईकसमोर गर्भाच्या तोंडून बोलायला लावणे म्हणजे काय, तेही ठरवणेच नव्हे का? मुलांना कायदा काय आहे हे सांगायचे; पाप-पुण्याचा निवाडा ज्याच्या त्याच्या घरी. पहिल्या भीतीविषयी एवढेच म्हणेन, की २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो अभ्यासक्रम बाजूला सारला. त्यानंतर मुले अजाण राहिली असे ज्यांना वाटते त्यांनी स्वतःच्या मुलाचा मोबाईल एकदा हातात घेऊन पाहावा.

आणि ही काही परदेशातून आलेली खुळे नव्हेत. फसलेल्या विधवांनी जीव देऊ नये, मूल मारू नये म्हणून जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका विधवेचा मुलगा. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी समस्त बायकांना नावे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विचारले, की यात पुरुष कुठे आहे? त्याच वर्षी रघुनाथ धोंडो कर्वे जन्मले. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून या गणिताच्या प्राध्यापकाला मुंबईतल्या कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. 'समाजस्वास्थ्य' त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत चालवले. आज आपण त्यांच्या जयंतीला गौरवाचे लेख लिहितो. त्यांना शाळेत बोलवायचे म्हटले असते तर किती मुख्याध्यापक तयार झाले असते, हा भाग निराळा.

ताराबाईंचा तो प्रश्न मला मुलांच्या, म्हणजे मुलग्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे असला काही तास घ्यायचा ठरला की पहिल्यांदा मुलग्यांना मैदानावर पाठवतात. नेमके ऐकायला हवे त्यांनीच. पुढे तेच नवरे होणार आहेत. सज्ञान विवाहितेच्या गर्भपाताला नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, हे किती नवऱ्यांना माहीत आहे? खरे तर किती दवाखान्यांत ते मानले जाते? बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना केंद्रीय मंडळाच्या पुस्तकात या कायद्यावर मजकूर मिळतो. कला-वाणिज्याकडे गेलेल्यांना, आयटीआयला गेलेल्यांना, आणि दहावीनंतर लग्न लावून दिलेल्या मुलीला तो कुठून मिळणार? म्हणून हा विषय नववीच्या नागरिकशास्त्रात हवा. मतदान, माहितीचा अधिकार आणि त्याच ओळीत हे.

सांगताना गोड करूनही सांगू नये. आपल्याकडे हा मागताक्षणी मिळणारा हक्क नाही. कायद्याने शेवटचे मत डॉक्टरच्या हाती ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकीच मुभा आहे असे स्पष्ट केले, ही मोठी गोष्ट. अल्पवयीन मुलीची खबर पोलिसांना देणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, पण तिने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने त्यात तिचे नाव देण्याची गरज नाही, असेही त्याच निकालात आहे. नाव फुटेल या भीतीने भोंदू माणसाकडे जाणाऱ्या मुलीला हे एक वाक्य कळले तरी पुष्कळ.

नववीच्या त्या वर्गात मी खोक्याची एक पेटी ठेवली आहे. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. या विषयावर बोलल्यानंतर एक चिठ्ठी निघाली : 'आईला न सांगता डॉक्टरकडे जाता येते का?' पुढच्या तासाला मी सगळ्या वर्गापुढे उत्तर दिले. तपासायला जायला कुणी अडवत नाही. गर्भपातासाठी अठरा वर्षांच्या आत पालकाची लेखी संमती लागते. पण कायद्यातला पालक म्हणजे मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. आई-वडीलच हवेत असे त्यात लिहिलेले नाही. मुलगी आजीकडे वाढत असेल तर आजी, मावशीकडे असेल तर मावशी. आणि कुणीच नसेल तर १०९८ हा क्रमांक आहे, तो मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि वहीत उतरवून घ्यायला लावला. मुलग्यांनासुद्धा.

पंधरा दिवसांनी पेटी उघडली तर सतरा चिठ्ठ्या होत्या. त्यांतल्या अकरा मुरमांबद्दल होत्या.