मानमोडीचा ताप आणि फुप्फुसांतील वस्ती

'मानमोडी'ची कथा आमच्या कित्येक वाचकांनीं घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. इ. स. १९१८ सालीं पावसानें दगा दिला, आणि त्याच वर्षीं आलेल्या इन्फ्लुएंझाच्या या साथीनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. इ. स. २००८ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं त्या साथींत तिकडे दगावलेल्या लोकांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे तपासले, तेव्हां जवळजवळ सर्वांत जंतुजन्य न्युमोनियाच्या खुणा सांपडल्या. म्हणजे वाट विषाणूनें पाडली, पण घात बहुधा मागाहून शिरलेल्या जंतूंनीं केला. हे जंतु आले कोठून?

पुष्कळदां ते रोग्याच्या स्वतःच्याच नाकाघशांत आधींपासून राहत असतात. कसदार जमीन जशी निर्जीव नसते, तसा मनुष्याचा श्वासमार्गही नसतो. निरोगी फुप्फुसें निर्जंतुक असतात, ही जुनी समजूत अलीकडच्या जनुकीय तपासण्यांनीं मोडली आहे. घशांत जंतूंची वस्ती दाट, फुप्फुसांत विरळ. श्वासनलिकेच्या अस्तरावरील सूक्ष्म लव खालीं उतरलेले जंतु कफाबरोबर सतत वर लोटते; शिवाय निरुपद्रवी रहिवासी उपद्रवी जंतूंस जागा व अन्न सहजासहजीं मिळूं देत नाहींत. न्युमोकॉकस हा न्युमोनियाचा जंतु कित्येक धडधाकट मुलांच्या घशांत निमूटपणें राहतो. इन्फ्लुएंझाचा विषाणु हें अस्तरच उद्ध्वस्त करतो. मग बांध फुटल्यावर ओढ्याचें पाणी शेतांत शिरावें, तसे घशांतील जंतु फुप्फुसांत उतरतात.

यावरून कांहीं गोष्टी ध्यानांत धराव्या. ताप उतरून रोगी सुधारूं लागला असतां पुन्हा ताप चढला, धाप लागली, छातींत कळ येऊं लागली किंवा बेडका तांबूस पडूं लागला, तर एक दिवसही न दवडतां डॉक्टर गांठावा. साध्या सर्दीपडशावर घरांत उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊं नयेत. विषाणूवर त्या चालत नाहींत. उलट सरसकट फवारणीनें मित्रकीटक मरावे, तसे उपकारक रहिवासी मात्र मरतात. डॉक्टरांनीं न्युमोनियासाठीं त्या दिल्या, तर मात्र सांगितल्याप्रमाणें पुऱ्या घ्याव्या. चुलीचा धूर व विडी यांनीं लव दुबळी होते, म्हणून स्वयंपाकघरास धुराडें असावें आणि विडी सोडावी. इ. स. २०२१ पासून देशभर तान्ह्या मुलांस सरकारतर्फें न्युमोकॉकसची लस मिळते. ती चुकवूं नये. वृद्धांनींही लशीविषयीं डॉक्टरांस विचारावें.

जमिनीची मशागत आपण पेरणीपूर्वीं करतों. फुप्फुसांची निगा साथ येण्यापूर्वीं राखावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.