टाक्यांनंतरचे सहा आठवडे

मुंबईबाहेरच्या ज्या सार्वजनिक रुग्णालयात मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून उमेदीची वर्षं काढली, तिथली स्प्लिंटची, म्हणजे हाताच्या मापाचे आधारपट्टे बनवायची, खोली गेल्या दिवाळीनंतर बंद झाली. तिथे आता बिलाचा काउंटर आहे. तयार पट्टे बाहेर दुकानात मिळतात, असं कारण दिलं गेलं. नुसतं मनगट दुखत असेल तर ते चालतातही. कापलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवून आलेल्या हाताला मात्र दुकानातला पट्टा पुरत नाही, आणि ते कुणी आम्हाला विचारलंही नाही.

आधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात होणारं दुखणं स्विस सर्जन डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ साली वर्णन केलं. तान्ह्या बाळाला सारखं उचलून आयांना होतं ते हेच. आपल्याकडे कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईत के.ई.एम.मध्ये आमच्या शाखेचं शिक्षण सुरू केलं. वेल्लोरला पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या बोटांना दुसरीकडच्या कंडरा जोडून कामाला लावत होते. हे सगळं वाचलेलं. डोळ्यांनी पाहिलं ते नव्वदचं दशक.

पत्र्याने, काचेने, मांजाने कापलेले हात यायचे. पेशंट म्हणायचा, "शीर तुटलीय." तो हात टेबलावर सैल ठेवला की बाकीची बोटं अर्धवट मिटलेली आणि एकच सरळ, तिथेच निम्मं निदान व्हायचं. मधलं पेर धरून टोक वाकवायला सांगायचं, म्हणजे खोलातली कंडरा कळते. मग बाकीची बोटं सरळ दाबून धरून तेच बोट वाकवायला लावायचं, की वरची कळते. लहान मूल ऐकत नसेल तर कोपराखालचा मांसल भाग दाबायचा. कंडरा शाबूत असली तर बोट आपसूक आत येतं.

तळहाताच्या पुढच्या घडीपासून मधल्या पेरापर्यंत या दोन्ही कंडरा एकाच अरुंद नळीतून जातात. तिथे लगेच टाका घालायचाच नाही, असा अमेरिकेच्या बनेल यांचा दंडक कित्येक वर्षं चालला. १९६७ साली लुइव्हिलच्या क्लायनर्टनी तिथेच लगेच शिवलेल्या बोटांचे चांगले निकाल मांडले. त्यांच्या पद्धतीनं आम्ही नखावर हुक चिकटवायचो, त्यात रबरबँड अडकवून मनगटाकडे ताणायचो. बोट पेशंटनं स्वतः सरळ करायचं, वाकवायचं काम रबरबँडचं. बोट हललं नाही तर कंडरा नळीला चिकटते, झटका बसला तर टाका तुटतो. त्या दोहोंमधली वाट रोज बघून ठरवावी लागते.

आमचे एक वरिष्ठ सर्जन मात्र सरसकट चार आठवडे प्लास्टर घालत. "टाका तुटला तर जबाबदार कोण?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. प्लास्टर निघालं की बोट लाकडासारखं. केसपेपरवर ऑपरेशन यशस्वी आणि यंत्रमागावरच्या माणसाला तुटलेला धागा चिमटीत धरता येत नाही! त्याचा राग मला आजही आहे.

रबरबँड मागे पडला याचं दुःख नाही. त्यानं मधला सांधा वाकडा राहायचा, आणि १९८९मध्येच बेलफास्टच्या सर्जननी बोट लवकर स्वतः हलवायची पद्धत मांडली होती. कॅनडाच्या लालोंड यांनी तर फक्त जागेवर भूल देऊन, जाग्या पेशंटला ऑपरेशन टेबलावरच बोट वाकवायला लावलं. टाका अडकतो का, तुटतो का, ते जखम बंद करण्याआधी दिसतं. हे आम्हाला तेव्हा हवं होतं. सर्जरी इतकी पुढे गेली आणि पेशंटसमोर बसणारं माणूस काढून टाकलं, हे मला सहन होत नाही. हाताला हात न लावता एमआरआय लिहिणंही त्यातलंच.

नायलॉन मांजावर २०१७पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे, तरी या संक्रांतीला एका डिलिव्हरीवाल्या मुलाची करंगळी त्यानंच कापली. टाके आमच्याच जुन्या रुग्णालयात उत्तम घातलेत. डिस्चार्जच्या कागदावर दोनच शब्द, "व्यायाम करणे". कुठला, किती, कधीपासून, काही नाही. भीतीनं त्यानं बोट हलवलंच नाही आणि पाचव्या आठवड्यात तो माझ्या घरी आला. चिकटलेली कंडरा व्यायामानं सुटली नाही, तर काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन लागेल. त्यानंतरही दुसऱ्या दिवसापासून कुणीतरी समोर बसून बोट हलवून घ्यावंच लागेल. ते कोण घेणार, असं मी त्या रुग्णालयाला पत्रानं विचारलं आहे.