वानगीवरून खेळाची पारख

पांढुर्णा आणि सौंसर या संत्र्यांच्या मुलुखात वानगी हा शब्द कोणास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आंबिया बहार असो की मृग बहार, सौदा ठरण्यापूर्वी व्यापारी बागेतून हिंडतो, चार झाडांवरील फळे निरखतो, एखादे सोलून त्याचा रस आणि गोडी पाहतो, आणि मगच एकंदर मालाचा अंदाज बांधून विसार देतो. व्हिडिओ गेमच्या व्यवसायात जिला डेमो म्हणतात, ती वस्तू अशीच एक वानगी होय. दूरचित्रवाणी संचास जोडून खेळ खेळावयाच्या यंत्राला कन्सोल असे नाव आहे. त्यावरील संपूर्ण खेळ विकत घेण्यापूर्वी त्याचा एक लहानसा भाग, बहुधा विनामूल्य, खेळावयास मिळतो, तोच डेमो. जाहिरातीत आणि डेमोत मोठा भेद आहे. जाहिरात नुसती पाहावयाची असते. डेमो स्वतःच्या हातांनी खेळावयाचा असतो. म्हणून जाहिरातीने मन भुलते, आणि डेमोने निदान काही प्रमाणात तरी ते ताळ्यावर येते.

हे ताळ्यावर येणे का आवश्यक आहे, ते किमतीवरून कळेल. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ५ हा संच भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आला, तेव्हा तबकडी चालविणाऱ्या संचाची किंमत ४९,९९० रुपये होती, आणि त्यावरील कित्येक मोठ्या खेळांची प्रत्येकी ४,९९९ रुपये. बहाराच्या उत्पन्नावर वर्षाचा संसार चालविणाऱ्या घरात ही रक्कम लहान नव्हे. दुकानात जाऊन यंत्र हाताळावे, तर त्यासाठी नागपूर गाठावे लागते. शिवाय इंटरनेटवरून एकदा उतरवून घेतलेला खेळ आवडला नाही म्हणून सहसा परत करता येत नाही. मुलाचा हट्ट आणि बापाची चिंता यांच्यामध्ये निवाडा करणारा साक्षीदार म्हणून डेमोचे महत्त्व आहे.

वानगी न पाहता सौदा केला म्हणजे काय होते, याचा अनुभव भारतातील लहानमोठ्या गावांनी पूर्वी घेतलेला आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले. त्याच्या स्वस्त नकला पुढे आपल्या बाजारात आल्या, आणि त्यांच्याबरोबर खेळांची काडतुसेही आली. काडतुसाच्या वेष्टनावर शेकडो, कधी हजारो खेळांचा आकडा छापलेला असे. घरी येऊन लावून पाहावे, तो मोजके दहावीस खेळच निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा पुढे येत. आकड्याने डोळे दिपले खरे, परंतु हाताला काही लागले नाही.

डेमोची प्रथा रुजविण्यास संगणकावरील खेळांचा हातभार मोठा आहे. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेने डूम हा खेळ काढला. त्याचे तीन खंड होते. त्यांपैकी पहिला खंड कोणीही फुकट घ्यावा आणि मित्रासही द्यावा, अशी मुभा होती. तो आवडल्यास उरलेले दोन खंड पैसे पाठवून मागवावयाचे. कन्सोलच्या जगात हेच काम तबकड्यांनी केले. १९९५ नंतर प्लेस्टेशनविषयीच्या परदेशी मासिकांसोबत डेमोंची तबकडी मिळू लागली, आणि एका अंकाच्या किमतीत वाचकाला अनेक खेळांची चव घेता येऊ लागली. आता तबकडीची जागा इंटरनेटने घेतली आहे. पांढुर्ण्यातील मुलाला टोकियोतील मुलाइतक्याच सहज डेमो उतरवून घेता येतो. मात्र कित्येक डेमो अनेक गिगाबाइटांचे असतात, तेव्हा वानगी फुकट असली तरी तिचे गाडीभाडे द्यावेच लागते.

डेमोवरून कोणत्या गोष्टी खात्रीने कळतात? पहिली गोष्ट म्हणजे खेळाचा हात. पडद्यावरील हालचाल ही वस्तुतः एकामागून एक दाखविलेल्या स्थिर चित्रांची मालिका असते. सेकंदास ३० चित्रे दाखविली, तर प्रत्येक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंद टिकते. ६० दाखविली, तर सुमारे १७. कळ दाबल्यापासून पडद्यावरील वीर उडी घेईपर्यंत जो काळ जातो, त्यात या गतीचा वाटा मोठा असतो. हा विलंब जाहिरातीत दिसू शकत नाही. तो बोटांनाच जाणवतो. तथापि दोष नेहमी खेळाचाच असतो असे नाही. चित्र अधिक सुबक करण्याच्या खटपटीत दूरचित्रवाणी संचही काही वेळ खातो. बहुतेक नव्या संचांत यासाठी गेम मोड नावाची सोय असते. ती सुरू करून मगच खेळाविषयी मत बनवावे, हे न्यायाचे होय.

दुसरी गोष्ट भाषेची. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्या जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. या भागातील पुष्कळ मुलांची घरची बोली मराठी, शाळेची भाषा हिंदी, आणि खेळाची भाषा बहुधा इंग्रजी असते. ज्या खेळात सारी कथा लांबलचक संवादांतून उलगडते, तो या मुलाच्या कितपत पचनी पडेल, हे डेमोच्या पहिल्या अर्ध्या तासात कळून येते.

परंतु वानगीत जे मुळीच दिसत नाही, तेही ध्यानात ठेवले पाहिजे. करंडीच्या वरच्या थरात उत्तम फळे मांडण्याची युक्ती बाजाराला नवी नाही. २००१ साली कोनामी या जपानी कंपनीने झोन ऑफ द एंडर्स या खेळाच्या तबकडीबरोबर मेटल गिअर सॉलिड २ या आगामी खेळाचा डेमो दिला. पुष्कळांनी मूळ खेळ घेतला तो या डेमोसाठीच. डेमोत पावसाळी रात्री एका टँकर जहाजावर स्नेक नावाचा जुना, लोकप्रिय नायक वावरत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस पूर्ण खेळ आला, तेव्हा जहाजाचा प्रसंग संपताच रायडन नावाचा वेगळाच तरुण नायक पुढे आला आणि बहुतेक खेळ त्याच्याच भूमिकेतून खेळावा लागला. डेमोत एकही गोष्ट खोटी नव्हती. केवळ मुख्य गोष्ट सांगितलेली नव्हती.

याहून विलक्षण उदाहरण १२ ऑगस्ट २०१४ चे आहे. त्या दिवशी पी. टी. या दोन अक्षरी नावाचा एक फुकट खेळ प्लेस्टेशनच्या दुकानात अवतरला. एका घराचा वळणदार बोळ, शेवटी एक दार, आणि दार उघडले की पुन्हा तोच बोळ. एवढ्या सामग्रीवर त्याने खेळणाऱ्यांची झोप उडविली. कोडे सुटल्यावर उलगडा झाला, की ही सायलेंट हिल्स या भावी खेळाची चाहूल होती. पुढे २०१५ साली तो भावी खेळच रद्द झाला आणि पी. टी. दुकानातून काढून घेण्यात आला. ज्यांनी तो आपल्या यंत्रावर जपला, त्यांच्यापाशीच तो उरला. वानगी चाखली, पण बागेला फळ धरलेच नाही, अशी ही गत.

आता निर्मात्याची बाजूही पाहू. डेमो म्हणजे खेळाचा सहज कापलेला तुकडा नव्हे. तो भाग वेगळा काढून, स्वतंत्रपणे तपासून, नीटनेटका करावा लागतो, आणि तेवढा काळ मुख्य काम थांबते. लहान संस्थेला हा भार जड जातो, परंतु तिला दुसरा उपायही नसतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०१७ साली राजी या आपल्या खेळासाठी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली आणि खेळता येण्याजोगा नमुनाही लोकांपुढे ठेवला. दैत्यांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा आहे. वर्गणीचे उद्दिष्ट त्या वेळी पूर्ण झाले नाही. काम मात्र थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये राजी प्रथम निन्टेंडोच्या स्विच यंत्रावर आणि ऑक्टोबरात इतर यंत्रांवर आला, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्स या जागतिक पारितोषिकांत पदार्पणातील उत्तम खेळांच्या नामांकनात त्याचे नाव झळकले. पुढील सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांचीही भर पडली. तेव्हा वानगीवर सौदा जमला नाही म्हणजे माल हलका, असे अनुमान काढणे योग्य नव्हे.

अलीकडे वानगी देण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. एक उदार. ड्रॅगन क्वेस्ट ११ या खेळाच्या स्विचवरील आवृत्तीचा २०१९ सालचा डेमो सुमारे दहा तास चाले, आणि खेळ विकत घेतल्यास केलेली वाटचाल वाया न जाता पुढे चालू राही. दुसरी तऱ्हा काटकसरीची. २०२२ साली सोनीने आपल्या वर्गणीची नवी रचना केली. तीत काही खेळ ठराविक वेळापुरते वापरून पाहण्याची सवलत वरच्या दराच्या वर्गणीदारांसाठी ठेवली. ज्याच्यापाशी पैसा कमी, त्यालाच वानगीची गरज अधिक. आणि तीच जर दाम मोजल्यावाचून मिळेनाशी झाली, तर लहान गावांतील ग्राहकाच्या हाती पुन्हा वेष्टनावरचा आकडाच उरेल.

म्हणून जेथे फुकट डेमो मिळतो, तेथे त्याचा नीट उपयोग करून घ्यावा. तो एकदा खेळून लगेच मत बनवू नये. एक रात्र जाऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळून पाहावा. पहिल्या दिवशीच्या आनंदात नवलाईचा भाग मोठा असतो. दुसऱ्या दिवशी उरतो तो खेळाचा. घरात दोन भावंडे असतील, तर दोघांनाही वेगवेगळे खेळू द्यावे, कारण थोरल्यास जे सोपे वाटते तेच धाकट्यास रडविते. दुसऱ्याचे मत ऐकताना तो कोणत्या यंत्रावर आणि किती वेळ खेळला, हे आधी विचारावे. खेळ किती लांब आहे आणि आत शिरल्यावर आणखी पैसे मागतो काय, या प्रश्नांची उत्तरे डेमो देत नाही. ती वेगळी मिळवावी लागतात. एवढे केल्यावर मुलाने स्वतः येऊन हा खेळ आपल्याला नको असे सांगितले, तर घरचे पाच हजार रुपये वाचले, इतकेच समजून थांबू नये. निवड करावयास तो शिकला, हा लाभ त्याहून मोठा आहे.