घाटाचे गणित

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग हा मुंबईचा भाग समुद्रसपाटीहून जेमतेम काही मीटर उंचीवर पसरलेला असल्यामुळे, तेथून सायकलीवर लांब पल्ल्याला निघणाऱ्या हौशी स्वाराला सरावासाठी खरी चढण घराजवळ मिळत नाही. मलबार हिलचा माथा सुमारे ५० मीटर उंच, आणि बाकीचे चढ बहुतेक उड्डाणपुलांचे. याउलट मुंबईहून पुणे वा नाशिकच्या दिशेने जाणारा रस्ता अखेर सह्याद्रीला भिडतो, आणि देशावर पोहोचायचे तर घाट चढणे अटळ ठरते. पुण्याच्या वाटेवरील बोरघाटात खोपोली आणि लोणावळा यांच्या उंचीत सुमारे साडेपाचशे मीटरचा फरक आहे; म्हणजे गिरगाव चौपाटीवरून मलबार हिलवर एका दमात अकरा वेळा चढण्याइतके काम तेथे करावे लागते, आणि तेही सपाट रस्त्यावरची सत्तरेक किलोमीटर पायांत जमा झाल्यावर.

गाड्यांसाठी बांधलेला बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. आजच्या द्रुतगती मार्गावर सायकलींना मज्जाव असल्याने स्वार जुनाच रस्ता धरतात आणि शिंगरोबाच्या देवळावरून वर जातात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीची कीर्तीही मुख्यतः याच टप्प्यावर उभी आहे. पुण्याला पहिला पोहोचणारा विजेता ठरतो हे खरे, परंतु घाट सर्वांत आधी सर करणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब लोकांच्या अधिक लक्षात राहतो. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध तूर द फ्रान्स शर्यतीतही १९३३ पासून डोंगरचढणीचे स्वतंत्र गुण मोजले जातात आणि १९७५ पासून त्यात आघाडीवर असणाऱ्याला लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा दिला जातो. सपाटीवर पुढच्या स्वाराच्या आडोशाने वाऱ्याचा विरोध टाळता येतो. चढावर वेग उतरला की तो आडोसा निरुपयोगी होतो आणि प्रत्येकाला आपले वजन आपणच वर न्यावे लागते. घाट शर्यत निवडतो तो असा.

हे वजन वर नेण्याचा हिशेब सोपा आहे. स्वार ७० किलोचा आणि सायकल, पाणी व सामान मिळून १० किलोचे धरले, तर साडेपाचशे मीटर चढण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ४३० किलोज्यूल इतके काम होते. वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल काम. नियमित सराव असलेला हौशी स्वार सलग १५० वॅट देऊ शकला, तर या कामाला ४८ मिनिटे लागतात, आणि टायरचे घर्षण व हवेचा विरोध धरता प्रत्यक्ष वेळ आणखी वाढतो. स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोहोचवतात. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते, ती घामावाटे बाहेर पडावी लागते, आणि कोकणाच्या दमट हवेत, विशेषतः संथ वेगामुळे अंगाला वारा लागत नसताना, घाम सुकत नाही. दमछाकीचे खापर बहुधा पायांवर फुटते, पण पुष्कळदा खरे कारण ही साचलेली उष्णता असते.

गिअरचे महत्त्वही येथेच कळते. पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या चक्राला ३२ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वादोन मीटर सरकते, आणि मिनिटाला ७५ फेरे मारल्यास ताशी दहा किलोमीटरचा वेग मिळतो. दूधवाल्यांच्या व डबेवाल्यांच्या एकाच गिअरच्या सायकलीला ही सोय नाही. तिच्यावर घाट चढायचा तर उभे राहून पेडल दाबणे किंवा खाली उतरून ढकलणे एवढेच हाती उरते.

शर्यतीपेक्षा सामान्य हौशी माणसाला अधिक मानवणारा प्रकार म्हणजे ब्रेव्हे, अर्थात ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत स्वतःच्या बळावर पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र देणारी सफर. पॅरिसच्या ओदाक्स क्लब पारिझियँ या संस्थेच्या नियमांनुसार २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास मिळतात. वाटेतील नियंत्रण ठिकाणी नोंदपत्रावर शिक्का घ्यावा लागतो, रात्री दिवे आणि चमकणारे जाकीट सक्तीचे असते, आणि पहिला-दुसरा असा क्रमांक कोणालाच दिला जात नाही. या परंपरेतील सर्वांत मानाची सफर म्हणजे १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली आणि आता दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस, अंतर सुमारे १२०० किलोमीटर. भारतीय स्वारही तेथे जातात. क्रमांक नसल्यामुळे ब्रेव्हेला कोणी सोपे समजू नये.

याचे कारण मुदतीत आहे. ब्रेव्हेची मुदत ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपासच्या सरासरीवर बेतलेली असते, म्हणजे दर किलोमीटरला चार मिनिटे. बारा किलोमीटरचा घाट ताशी आठच्या वेगाने चढला तर ९० मिनिटे जातात, मुदतीच्या हिशेबाने मात्र ४८ मिनिटेच मिळालेली असतात, आणि ४२ मिनिटांची तूट येते. सपाटीवर ताशी २० चा वेग ठेवला की दर किलोमीटरला एक मिनिट वाचते, तेव्हा ही तूट भरायला ४२ किलोमीटर लागतात. म्हणून अनुभवी स्वार घाटात जोर लावत नाहीत. त्याआधी पनवेल ते खोपोली या टप्प्यात थोडी मिनिटे शिल्लक टाकतात आणि चढावर बोलता येईल एवढाच श्वास चढू देतात.

घाटमाथ्यापलीकडे कास किंवा महाबळेश्वरच्या बाजूला जाणाऱ्या सफरीत अडचण निराळी असते. जांभ्या खडकाचे उघडे सडे, म्हणजे झाडांची सावली नसलेली सपाट माथ्याची पठारे, पावसाळ्यात धुके आणि वाऱ्याने वेढलेली असतात, दुकाने विरळ असतात, आणि घामाने भिजलेला स्वार उताराला लागताच गारठतो. पाण्याने भिजलेल्या रिमवर रबरी ब्रेक उशिरा पकडतात, म्हणून चढताना गमावलेली मिनिटे उतारावर वसूल करू पाहणे धोक्याचे. त्याऐवजी पुढच्या नियंत्रण ठिकाणी चहाला द्यायची दहा मिनिटे कापलेली बरी.